गादीवरचा चेलो

मंजुश्रीच्या क्लासला हसला नाही असा लातुरात माणूस सापडणं कठीण. आणि हसायला कारणंही होती हो, उगीच कोण कशाला हसेल? ज्या शहरात पोरं चौथ्या मजल्यावर थंडगार वर्गात बसून फिजिक्स घोकतात, तिथं ही बाई पत्र्याच्या शेडमध्ये व्हायोलिन शिकवायची. पाऊस आला की पत्रा असा ताडताड वाजायचा की सगळे सूर बुडाले, क्लासला सुट्टी. एका-दोघा भल्या माणसांनी तिला चांगल्या स्लॅबच्या खोल्या देऊ केल्या होत्या. ती गेली, मान वर करून छताकडं बघत राहिली आणि नको म्हणून परत आली. का नको, ते काही सांगितलं नाही.

दुसरं कारण म्हणजे पेले. शेडमध्ये एका फळीवर स्टीलचे पेले एकावर एक पालथे रचलेले असायचे. नव्या पालकांना वाटायचं, पोरांना पाणी प्यायला ठेवलेत. कुणी हात लावला की मात्र एरवी मऊ बोलणारी ही मॅडम असं काही खेकसायची की तो माणूस पुन्हा फळीकडं बघायचा नाही.

ते पेले म्हणजे घंटा होती. त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा या भागात घरोघर अशी पेल्यांची उतरंड लागली होती. जमीन हलली की आधी पेले वाजतात, आणि ते वाजले की उठून बाहेर पळायचं. वर्ष-दोन वर्षांत लोकांची भीती ओसरली, पेले परत मांडणीवर गेले. मंजुश्रीचे काही गेले नाहीत. वीस वर्षं होत आली तरी तिच्या फळीवर उतरंड तशीच. आणि नियमही तसाच: पेले वाजले की साज खाली ठेवायचा, हातात काही घ्यायचं नाही, चप्पल शोधायची नाही, थेट अंगणात. मधूनच एखाद्या दिवशी ती स्वतः फळी हलवायची आणि पोरांना पळवायची. तिची पोरं भूप वाजवायला शिकायच्या आधी पळायला शिकत.

पण वाजवत मात्र अशी, की हसणारा माणूससुद्धा शेडच्या दाराशी चप्पल काढून उभा राहायचा. पोरापोरींचा तंतुवाद्यांचा वृंद होता तो, सगळे मिळून एका गळ्यातून आल्यासारखे वाजवत. फक्त एक गोष्ट जाणकाराच्या कानाला खटकायची. यांच्या वाजवण्याला तळ नव्हता. सगळं मध्यात आणि वर. खर्जाचं, खालच्या जाड सुराचं वाद्य मंजुश्रीनं वृंदात कधी घेतलंच नाही. लोक म्हणत, मॅडमची स्टाइल आहे. कसली स्टाइल आलीय डोंबलाची! त्या आवाजाची तिला भीती वाटायची.

भूकंपाच्या पहाटे आधी आवाज आला होता. जमिनीच्या पोटातून, जाड, लांबत येणारा. औशाच्या पुढं तिचं गाव. दगडमातीचं घर होतं. शाळकरी मंजुश्री परसात गेली होती म्हणून वाचली. आई, कमलम्मा, आत राहिली. घरात बोलणं कानडी. ढिगाखालून आईचा आवाज येत होता, "इल्ले अदीनि, मंजू." म्हणजे इथंच आहे मी. माणसं दगड उचलत होती, पोर रडत होती, आणि मग आवाज थांबला. आवाज होता तोवर कुठं खणायचं ते कळत होतं. थांबला आणि माणसं भलतीकडंच खणत बसली. हे मंजुश्रीनं लातुरात फक्त एका माणसाला सांगितलं होतं, आणि तो माणूस आता नव्हता.

तो माणूस म्हणजे खाजामियाँ. गादीवाले. भूकंपानंतर पत्र्याच्या वस्तीत गाद्या वाटायला ते लातुरहून टेम्पो घेऊन आले ते येतच राहिले. तरुणपणी हैदराबादेत व्हायोलिन शिकले होते आणि ते खोगीर त्यांच्या पाठीवरून कधी उतरलं नव्हतं. संध्याकाळी वस्तीतल्या पोरांपुढं बसून वाजवायचे. बोलणं बंद झालेल्या मंजुश्रीच्या हातात त्यांनी एक दिवस गज दिला, तिचं मनगट धरून सा लावला आणि म्हणाले, "जमीन हिली बेटा, सा नै हिल्या." पोरगी तेव्हापासून त्या सा ला जी चिकटली ती चिकटलीच. मावशीकडं लातुरात वाढली, शिकली, लग्नाचं बघू बघू म्हणत ते राहून गेलं, आणि क्लास उभा राहिला.

आता या खाजामियाँची नात, सादिया, मंजुश्रीच्या वृंदात होती. उंच, हाडापेरानं मजबूत, जिद्दी पोरगी. राज्याचा एक युवा तंतुवाद्यवृंद नव्यानं उभा राहत होता. त्या लोकांनी ठिकठिकाणच्या वृंदांना एकेक वाद्य पाठवलं, आणि लातूरच्या वाट्याला नेमका चेलो आला, म्हणजे माणसाच्या छातीएवढं खर्जाचं व्हायोलिनच. मंजुश्रीनं पेटी उघडली, वाद्य बघितलं आणि झाकण लावून टाकलं. म्हणाली, आपल्याला नको, परत पाठवू. सादिया म्हणाली, मला पाहिजे. बरं, खाजामियाँच्या नातीला नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं?

मग मंजुश्रीनं एक युक्ती काढली. चेलोच्या बुडाला एक लांब खिळा असतो, तो जमिनीत रुतवून वाद्य उभं करतात. खिळ्यातून आवाज जमिनीत उतरतो आणि जमीन त्याला साथ देते. हिनं त्या खिळ्याखाली सादियाच्या दुकानातली कापसाची जाड गादी घातली, दुहेरी घडी करून. झालं, जमिनीचा संबंध तुटला. जो आवाज यायचा तो पोटात दुखणाऱ्या माणसानं कण्हावं तसा. शेवटच्या, सगळ्यात जाड तारेवर तर तोही नको. ती तार तू घरी कर, असं मॅडमनं सांगून टाकलं. सादिया घरी कुठं करणार? बापाच्या गोदामात, कापसाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून. कापूस सगळा आवाज गिळायचा. म्हणजे बघा, वर्षभर पोरगी ज्या सुरासाठी घाम गाळत होती तो सूर तिच्या गुरूनं एकदासुद्धा ऐकला नव्हता.

आणि राज्याच्या वृंदात निवड व्हायची होती ती त्याच सुरावर. भैरव वाजवायचा होता. त्याची सुरुवात एकट्या चेलोवर, अगदी खालच्या सा पासून. बाकीचे नंतर एकेक करून येणार. परीक्षक लातुरात येऊन ऐकणार होते, कारण त्यांना चेलोवालं पोर पाहिजे होतं आणि सगळ्या मराठवाड्यात ते एकच होतं.

इकडं सादियाच्या बापानं, मुनीबनं, आपली अट सांगून ठेवली होती. मुनीब काही वाईट माणूस नव्हे. लातुरात शिकायला येणाऱ्या पोरांच्या हॉस्टेलांना गाद्या पुरवून त्याचं घर वर आलं होतं. परभणीचं, नांदेडचं, देगलूरचं पोरगं त्याच्या गादीवर झोपतं आणि दोन वर्षांनी डॉक्टर व्हायला जातं, हे तो रोज बघायचा. आपल्याच पोरीनं तेवढं का होऊ नये, असं त्याला वाटलं तर त्यात चूक काय? तो शेडमध्ये आला, उभ्या उभ्या चहा घेतला आणि म्हणाला, "मंजूताई, अब्बांचा जीव होता ह्याच्यात म्हणून आजवर बोललो न्हाई. निवड झाली तर पोरगी वाजवंल, मी आडवा येनार न्हाई. न्हाई झाली तर सोमवारपासून बॅच. चेलो परत करायचा."

मंजुश्री बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? दहावी आली की व्हायोलिन माळ्यावर चढवणारी पोरं तिनं वर्षानुवर्षं बघितली होती. एकाच्याही आईबापाशी ती भांडली नाही. पण सादिया गेली तर खाजामियाँनी हातात दिलेलं काहीतरी आपल्याच हातून सांडलं, असं तिला आयुष्यभर वाटणार होतं. त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. भात कालवायची आणि ताट सरकवायची. मावशी म्हणाली, परीक्षा तुझी आहे का पोरीची? खरं सांगायचं तर तिलाच नीट माहीत नव्हतं.

तिला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. एक, सादियाचा खर्ज लागणार नाही. दुसरी, तो लागेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच सगळे सभागृहात पोचले. जुनं सभागृह, लाकडी रंगमंच, आतून पोकळ. मंजुश्रीनं आधी दारं मोजल्यासारखी बघून घेतली, कुठलं उघडतं, कुठल्याला कडी आहे. पोरांना दाराच्या बाजूनं बसवलं. चेलोखाली गादी घातली. पुढं परीक्षकांचं टेबल, त्यावर स्टीलचा जग आणि जगावर पालथा घातलेला पेला. तिथला शिपाई, लिंबाजी, नुकताच ठेवून गेला होता. तो पेला मंजुश्रीच्या डोळ्यांत सलायला लागला. उचलून बाजूला ठेवावा, दोन पावलांवर तर आहे. मग तिला आपलीच लाज वाटली. एवढी मोठी बाई, पेल्याला भिते? तिनं पेला राहू दिला. इथंच चुकलं म्हणायचं, पण तिच्या जागी तुम्ही-आम्ही काय वेगळं केलं असतं?

परीक्षक पुण्याहून आलेले, एक वयस्क बाई आणि एक तरुण गृहस्थ. बाई मोठ्या प्रेमळ. पोरांची नावं विचारली, शेडबद्दल ऐकलंय म्हणाल्या. मागं खुर्च्यांवर पालक, त्यांत मुनीब, भिंतीला लिंबाजी. सादियानं गज टेकवला आणि पहिला सा लावला. कण्हल्यासारखा आवाज आला आणि विझला. बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या पुढं झुकल्या, खाली बघितलं.

"ही गादी कशाला? ती काढा. आवाज सगळा तीच खातेय."

सादियानं मंजुश्रीकडं बघितलं. सगळ्या पोरांनी बघितलं. नाही म्हणावं तर पोरगी गेली, आत्ता, इथंच. ती स्वतः उठली, वाकली, गादी ओढून काढली आणि छातीशी धरून दाराजवळच्या आपल्या जागेवर येऊन बसली. चेलोचा खिळा लाकडात रुतला.

सादियानं डोळे मिटले आणि गज ओढला.

काय सांगावं त्या सुराचं! कापसात वर्षभर कोंडलेला होता तो. लाकडी रंगमंचाच्या पोकळीत उतरला, जाड झाला, खुर्च्यांच्या पायांतून वर चढला. ऐकणाऱ्याच्या तळव्यांना आधी कळावा आणि कानाला नंतर, असा खर्ज. शुद्ध, अगदी मधोमध लागलेला सा. आणि टेबलावरचा पेला जगावर थरथरायला लागला. किणकिण, किणकिण.

"बाहेर," मंजुश्री म्हणाली.

ती ओरडलीसुद्धा नाही. शब्द तिच्या तोंडून निघाला तेव्हा ती दारात पोचलेली होती. पोरांनी शिकवल्याप्रमाणे केलं, व्हायोलिनं अलगद खाली, हात रिकामे, चपला तिथंच, ओळीनं बाहेर. आणि पोरांचं काय घेऊन बसलात, मागचे पालक त्यांच्याआधी उठले होते. मुनीब खुर्ची पाडून पळाला. लिंबाजी तर सगळ्यांच्या पुढं. बसून राहिले ते फक्त पुण्याचे दोघं, तोंड उघडं टाकून.

अंगणात येऊन सगळ्यांनी एकच गोष्ट केली. मान वर करून विजेच्या तारांकडं बघितलं. भूकंप असला तर तारा झोके घेतात, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तारा स्वस्थ होत्या. एका तारेवर पारवा बसला होता, तोही स्वस्थ. लिंबाजी शरमून हसला. कुणीतरी म्हणालं, पेलाच वाजला वाटतं. आणि मंजुश्रीला कळलं की आपण काय करून बसलो. सादियाची परीक्षा आपण आपल्या हातानं बुडवली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सवयीनं ती पोरांची डोकी मोजत होती. एक कमी भरलं. पुन्हा मोजली. तरी कमीच.

आतून तो आवाज अजून येतच होता. जाड, लांबत जाणारा, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. सादिया आत होती.

भूकंपच नाही, हे तिला आता पक्कं माहीत होतं. पारवासुद्धा बघितला होता. पण पायांना कोण सांगणार? ज्या घरातून एकदा बाहेर पळालो त्यात असा आवाज चालू असताना परत शिरायचं, हे तिच्या पायांनी कधी केलंच नव्हतं. ती पायरीपर्यंत गेली आणि तिथंच अडकली. मुनीब मागून काहीतरी म्हणाला, तिला ऐकू आलं नाही. गादी अजून छातीशीच होती. आवाज थांबेल, आता थांबेल, ही एकच भीती. आणि तो थांबायच्या आधी आपण पोचलं पाहिजे, एवढं एकच तिला कळत होतं. ती पायरी चढली.

रंगमंचावर जमिनीवर ठेवलेल्या व्हायोलिनांच्या मधोमध सादिया एकटी वाजवत होती. डोळे उघडे, नजर दाराकडं. मंजुश्री दिसली तशी तिची मान किंचित हलली, आणि ती खालच्या सा वरून कोमल रिषभाला हात लावून पुन्हा सा वर आली. मंजुश्री चालत तिच्याजवळ गेली. पायांखालची फळी थरथरत होती. ती तिथंच, फळीवर, मांडी घालून बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं गादी बाजूला ठेवली.

एकेक करून पोरं आत आली. कुणी काही सांगितलं नव्हतं. आपापली व्हायोलिनं उचलली, जागा घेतल्या, आणि जिथं यायचं तिथून भैरवात शिरली. आज पहिल्यांदा त्यांच्या वाजवण्याला तळ होता. टेबलावर पेला सारखा किणकिणत होता. परीक्षक बाईंनी तो उचलायला हात पुढं केला, तर मंजुश्रीनं खुणेनंच नको म्हटलं. राहू द्या.

संपल्यावर बाईंनी विचारलं की मघाशी सगळे कुठं गेले होते. लिंबाजीच दारातून म्हणाला, "बाई, त्र्याण्णवला आमी हितंच होतो." बाईंनी मान हलवली. सोबतच्या गृहस्थांशी दोन शब्द बोलल्या आणि सादियाला सांगितलं की निवड झाली, वृंदाच्या शिबिराला यायची तयारी कर, चेलो आता तुझ्याचकडं राहील.

मुनीब बाहेर रुमालानं तोंड पुसत उभा होता. म्हणाला, माझ्या पोरीनं आज मला पळवलं. रागावलाय का हरखलाय, त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. पण दिलेला शब्द त्यानं फिरवला नाही. चेलोची पेटी स्वतः उचलून गाडीवर बांधायला लागला.

मंजुश्रीनं मात्र सादियाला अंगणात एका बाजूला घेतलं आणि धरून झापलं. निवड बिवड बाजूला ठेव म्हणाली. पेला वाजला, मी बाहेर म्हटलं, सगळे गेले, तू का बसून राहिलीस? वर्षानुवर्षं काय शिकवतेय मी? खरा भूकंप असता तर? तिचा आवाज चिरकत होता.

सादियाला काही कळेना. ती बिचारी खाली मान घालून गजाच्या राळेनं माखलेली बोटं ओढणीला पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी सगळे गेलात. मी एकटीच ऱ्हायले आत. मला वाटलं, वाजवायचं थांबले तर तुमाला कसं कळंल, मी हितंच हाय ते?"

मंजुश्रीला पुढं झापता आलं नाही. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून, वीस वर्षांत पहिल्यांदा, आईसाठी मोठ्यानं रडली.